शिनाण्यांच्या (खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या) अर्कातली पेप्टाइडं खरंच हाडं बांधतात का?

जुवारीकाठ:
नमस्कार मंडळी. आईच्या बाबतीत सल्ला हवा आहे.

आई 71 वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी मागल्या दारच्या ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला. पायरी जेमतेम वीतभर उंच. तिने हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको होतं, डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करा. केला. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे 3.1 आला. आता त्यांनी टेरिपॅराटाइड नावाचं इंजेक्शन लिहून दिलंय, रोज एक, पोटाच्या कातडीखाली टोचायचं.

आईला सुईची प्रचंड भीती. त्यातच मामेभावाने कॅप्सूलची जाहिरात पाठवली: ‘समुद्री शिंपल्यांतली हाडं बांधणारी नैसर्गिक पेप्टाइडं’. ती वाचल्यापासून आईचं एकच पालुपद, "जन्मभर शिनाण्या नि तिसऱ्यो खाल्ल्या, आता त्यांचीच गोळी घेते. सुई नको."

पैशांचं बघून घेईन. पण या पेप्टाइडांत खरंच काही आहे का? नसेल तर आईला कोणत्या शब्दांत सांगू? आणि असेल तर इंजेक्शनऐवजी ती चालतील का?

खुबेप्रेमी:
चालतील की. माझी आजी 92 वर्षं जगली, एक हाड मोडलं नाही. आठवड्यातून दोनदा खुबे, तिसऱ्या, कालवं. समुद्राने दिलंय ते उगाच नाही.

माशेलची_लेक:
खुबेप्रेमी दादा, तुमची आजी पहाटे उठून विहिरीचं पाणीही काढत असेल, डोक्यावर भाताचे भारे वाहत असेल, दिवसभर उन्हात असेल. माझी आजीही तशीच होती. हाडावर भार पडला की हाड घट्ट होतं आणि उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं. सगळं श्रेय खुब्यांना कसं द्यायचं?

जुवारीकाठ, आईंना लवकर आराम पडो. उजवा हात म्हणजे केवढी पंचाईत.

पेट्रीडिश:
मी प्रयोगशाळेत काम करते. हाडांवर नाही, पण सागरी जीवांपासून काढलेल्या प्रथिनांवर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा विषय खोटा नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती तोडली की जे छोटे तुकडे मिळतात ती पेप्टाइडं. शिनाण्यांचं मांस वाटून त्यात पेप्सिनसारखं विकर (पचवणारं एन्झाइम) घालतात, ठरावीक तापमानाला काही तास ठेवतात, मग उकळून विकर थांबवतात. तो रस बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळत गाळत तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करतात. प्रत्येक भाग पेशींवर घालून बघतात. ज्याचा परिणाम दिसतो तो पुन्हा वेगळा करायचा, पुन्हा तपासायचा. असं करत शेवटी दहा-बारा अमिनो आम्लांचं एखादं पेप्टाइड हाती लागतं.

कोरिया आणि चीनमध्ये निळ्या शिनाण्यांवर असं बरंच काम झालंय. पेशी बहुतेक वेळा उंदराच्या कवटीच्या हाडातून मूळ घेतलेल्या असतात. हाड बांधणाऱ्या पेशींची ती बाल्यावस्था. पेप्टाइड घालून काही आठवडे वाढवल्यावर त्यांवर अ‍ॅलिझरिन नावाचा रंग ओततात. जिथे कॅल्शियम साठलंय तिथे लाल डाग उठतात. ज्या बशीत पेप्टाइड नव्हतं ती फिकट आणि शेजारची कुंकवाचा करंडा सांडावा तशी. हा रंग मी दुसऱ्या एका कामात स्वतःच्या हाताने वापरलाय. ती लाली पाहिली की कोणालाही वाटेल, औषध सापडलं!

पुढची पायरी उंदरांची. मादी उंदरांची बीजकोशं काढतात, म्हणजे रजोनिवृत्तीनंतर बाईच्या हाडांचं जे होतं ते त्यांच्यात घडतं. अशा उंदरांतही शिनाण्यांच्या पेप्टाइडांनी हाडांची झीज कमी झाल्याचं दिसलंय. पण 71 वर्षांच्या बाईचं मनगट आणि उंदराची मांडी यांत फार मोठं अंतर आहे. ते अंतर माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांनीच भरून निघतं.

शिवोलीचा_माड:
पेट्रीडिश ताई, फार सुंदर समजावलंत. कुंकवाच्या करंड्यावर तर मन थांबलंच.

एक बाळबोध प्रश्न. आपण तिसऱ्यांचं सुकं खातो तेव्हा पोटातलं पेप्सिन तेच करतं ना? मग घरच्या घरी पेप्टाइडं तयार झालीच की.

पेट्रीडिश:
प्रश्न बाळबोध नाही, अगदी मुळावर बोट ठेवलंत. हो, पोटात प्रथिनांचे तुकडे होतातच. पण पचन तिथे थांबत नाही. पुढे आतड्यात त्या तुकड्यांचेही तुकडे होतात आणि रक्तात जातात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्लं, सोबत दोन-तीन आम्लांचे बारके तुकडे. बशीत दहा-बारा आम्लांचं अख्खं पेप्टाइड थेट पेशीवर पडलेलं असतं. गिळलेलं पेप्टाइड त्याच रूपात हाडापर्यंत पोचतं का, हा खरा अडसर आहे. कॅप्सूललाही तोच अडसर, ताटातल्या सुक्यालाही तोच.

अस्थिमित्र:
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. इथे नाव देत नाही.

जुवारीकाठ, तुमच्या आईंना लिहून दिलेलं इंजेक्शन हेच हाडं बांधणारं पेप्टाइड आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. टेरिपॅराटाइड म्हणजे आपल्याच शरीरातल्या पॅराथायरॉइड संप्रेरकाचे पहिले 34 अमिनो आम्लांचे दुवे. अमेरिकेत त्याला 2002 साली मान्यता मिळाली. गंमत अशी की हे संप्रेरक रक्तात सतत चढलेलं राहिलं तर हाड विरघळवतं. पण रोज एकदा, थोडा वेळ, छोट्या मात्रेत मिळालं तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणून रोजची सुई. आणि सुईच का, गोळी का नाही, याचं उत्तर पेट्रीडिश यांनी वर दिलंच आहे. पोटात गेलं तर ते पचून जाईल.

उणे 2.5 किंवा त्याखालचा टी-स्कोअर म्हणजे हाडं ठिसूळ. उणे 3.1 आणि वर मोडलेलं मनगट म्हणजे पुढचा धोका मणक्याचा आणि खुब्याचा, म्हणजे मांडीच्या वरच्या सांध्याचा. खुब्याचं हाड मोडून पलंगाला खिळलेली आजी कोणाच्या घरात नको. म्हणून कळकळीने सांगतो, इंजेक्शनच्या जागी कॅप्सूल नको. त्या कॅप्सूलवर तीन महिने काढाल आणि ते तीन महिने हाडांच्या हिशेबातून वजा होतील.

खुबेप्रेमी:
डॉक्टरसाहेब, तुमचा मान राखून सांगतो, नैसर्गिक म्हटलं की डॉक्टर लोक नाक मुरडतातच. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने हिरव्या शिनाण्यांचा अर्क काढून विकायला आणलाय. सरकारी संस्था आहे. तीही चूक का?

पेट्रीडिश:
चूक मुळीच नाही, चांगलं काम आहे. ‘कॅडलमिन’ नावाने तो अर्क येतो. पण तो सांध्यांच्या दुखण्यासाठी आणि सुजेसाठी, हाडांची घनता वाढवण्यासाठी नाही. हाडांसाठी त्यांनी वेगळा अर्क काढलाय आणि तो समुद्री शेवाळापासून. न्यूझीलंडच्या हिरव्या ओठांच्या शिनाण्यांचं तेलही सांधेदुखीसाठीच विकलं जातं. सांधा आणि हाड यांची दुकानात हमखास गल्लत होते. गुडघा दुखतो म्हणून हाड ठिसूळ असेलच असं नाही, आणि हाड ठिसूळ झालं तरी ते मोडेपर्यंत बहुधा दुखतच नाही.

तांबडीमाती:
हे शेवटचं वाक्य माझ्या सासूबाईंच्या बाबतीत शंभर टक्के खरं. काहीच दुखत नव्हतं. बादली उचलली आणि मणका दबला. उंची दोन बोटं कमी झाली, तेव्हा कळलं.

नाचणीभाकर:
मला वाटतं इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. शिंपल्यातलं कॅल्शियम वेगळं आणि पेप्टाइडं वेगळी. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. औषधांच्या दुकानात कालवाच्या शिंपल्याच्या गोळ्या मिळतात ते हेच. 1250 मिलीग्रॅम कार्बोनेटमध्ये 500 मिलीग्रॅम कॅल्शियम. जेवणाबरोबर घ्यायचं, नाहीतर नीट शोषलं जात नाही. आयुर्वेदात शुक्तिभस्म आहे तेही शिंपल्याचंच. पण कॅल्शियम म्हणजे विटा. गवंडी नसेल तर विटांचा ढीग दारात पडून राहतो.

आणि कॅल्शियम फक्त समुद्रातच नाही. नाचणीत 100 ग्रॅमला 340 मिलीग्रॅमच्या वर असतं. सकाळी नाचणीचं आंबील, वरून तिळाची चटणी. माझं सदस्यनाव उगाच नाही ठेवलेलं.

शिवोलीचा_माड:
गवंड्यावरून आठवलं. आमच्या जुन्या घराच्या भिंती शिंपले भाजून केलेल्या चुन्याच्या आहेत आणि खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्याचे चौकोनी तुकडे बसवलेत. दुपारी सूर्य कलला की सगळी खोली ताकाच्या रंगाची होते. आजोबा सांगायचे, हे शिंपले जुवारी नदीच्या मुखातले. चिखलीच्या खाडीत ते अजून सापडतात. शिंपल्याने आमचं घर बांधलं, हाड का नाही बांधणार, असं मला क्षणभर वाटून गेलं!

आडपईची_वाट:
माड, तुमचं वाटणं अगदीच हवेतलं नाही. होंडुरास देशात 1931 साली एक जुना खालचा जबडा सापडला. माया संस्कृतीतला, इसवी सन 600 च्या सुमाराचा. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दाताच्या आकारात घासलेले तुकडे बसवलेले होते. आधी वाटलं, मेल्यावर बसवले असतील. पण 1970 मध्ये क्ष-किरण काढले तेव्हा त्यांच्याभोवती हाड धरलेलं दिसलं. म्हणजे माणूस जिवंत असताना बसवले आणि हाडाने ते स्वीकारले.

पुढे 1992 मध्ये फ्रान्समध्ये एव्हलिन लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोत्याच्या शिंपल्याच्या आतला चमकदार थर मानवी हाडपेशींजवळ ठेवून पाहिला, तर पेशी नवं हाड घडवू लागल्या. त्या थरात 95 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट आणि उरलेलं प्रथिनांसारखं सेंद्रिय द्रव्य. त्या थोड्याशा द्रव्यातच हाडाला जागं करणारं काहीतरी आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, पण या विषयाने मला झपाटलंय.

पेट्रीडिश:
आडपई, वा! आणि शिनाण्यांची दाढी विसरू नका. साफ करताना आपण जे तंतू ओढून फेकतो, त्यांनीच शिनाणी खडकाला चिकटते. लाटांचा एवढा मारा, खारं पाणी, तरी सुटत नाही. त्या चिकट प्रथिनांवरून हाडात बसवायच्या धातूच्या तुकड्यांना लेप देण्याची कल्पना पुढे आली. म्हणजे शिंपल्यातलं रेणुशास्त्र हाडाच्या उपयोगी येईल ते बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावर, थेट हाडाशी. गिळून नव्हे. हे माझं स्वतःचं मत.

समुद्रातल्या गोगलगायीच्या पेप्टाइडापासून औषध झालंय. शंकूच्या आकाराचा शंख, त्याच्या विषातलं एक पेप्टाइड, झिकोनोटाइड. 2004 साली अमेरिकेत तीव्र वेदनांसाठी मान्यता मिळाली. तेही गिळत नाहीत, पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडतात.

माशेलची_लेक:
मागे दोना पावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेने तराफ्यावरून दोर सोडून शिनाण्या वाढवण्याचे प्रयोग केले होते ना? काकांच्या तोंडून ऐकलंय.

पेट्रीडिश:
हो, 1970 च्या दशकात. डॉ. कासिम तेव्हा संचालक होते, तेच पुढे अंटार्क्टिकाच्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते झाले. आपल्याच किनाऱ्यावर दोराला लगडलेल्या शिनाण्या वाढल्या. पेप्टाइडांचं काम पुढे गेलं तर कच्चा माल आपल्या दारात आहे, हा विचार मला फार उमेद देतो.

तांबडीमाती:
दारात आहे, पण पाणी कसलं? शिनाण्या, तिसऱ्या पाणी गाळून जगतात. नदीत सांडपाणी सोडलं, बार्जचं तेल सांडलं, की ते सगळं त्यांच्या अंगात. कॅप्सूलवाला शिंपले कुठल्या पाण्यातले हे सांगतो का? जड धातूंची तपासणी केलीय का? जुवारीकाठ, डबीवर हे लिहिलंय का ते आधी बघा.

दुसरं म्हणजे ऍलर्जी. माझ्या भावाला कोळंबीने ओठ सुजायचे. तिसऱ्या चालतील समजून खाल्ल्या आणि रात्री श्वास लागला. दोन्हींत तेच प्रथिन असतं म्हणे.

अस्थिमित्र:
तांबडीमाती बरोबर म्हणतात. ट्रोपोमायोसिन नावाचं ते प्रथिन. शिवाय यूरिक आम्ल वाढलेल्यांनी शिंपल्यांचे पदार्थ बेतानेच खावे. आईंना संधिवात किंवा दम्यासाठी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या का? त्यांनीही हाडं ठिसूळ होतात. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

जुवारीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, आईला दमा आहे आणि मध्ये दोनेक वर्षं त्या गोळ्या चालू होत्या. हे डॉक्टरांना सांगायचं राहिलंच होतं, उद्या सांगते. डबीचा फोटो मागवला. ‘सागरी पेप्टाइड मिश्रण’ एवढंच लिहिलंय. कोणता शिंपला, किती मिलीग्रॅम, कुठल्या पाण्यातला, काही नाही.

तुमचं ‘हे इंजेक्शनच पेप्टाइड आहे’ आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग शिंपल्याचं का नाही करत?" याला काय सांगू?

आडपईची_वाट:
सांगा, शिंपल्याचं अजून शिकतंय, हे शिकून आलंय.

नाचणीभाकर:
आडपई, हे मी वहीत लिहून ठेवलं.

तांबडीमाती:
सुईची भीती सासूबाईंनाही होती. ती पेनाची सुई अगदी केसासारखी असते. पहिल्या दिवशी मी ती स्वतःच्या पोटाला टेकवून दाखवली, मग त्यांनी टोचू दिलं. बेंबीपासून दोन बोटं सोडून, रोज जागा बदलायची. पहिले काही दिवस टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगावर बसवूनच द्या. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, पण गोठवायचं नाही, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. उघडल्यावर 28 दिवसांनी टाकायचं, आत औषध उरलं तरी. पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा मी दुधाच्या थंड पिशव्यांशेजारी डब्यात ठेवते.

अस्थिमित्र:
उत्तम माहिती. एकच भर. हा कोर्स सहसा दीड-दोन वर्षांचा असतो आणि तो संपल्यावर तयार झालेलं हाड टिकवायला दुसरं औषध लागतं. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं किंवा आठवड्याला एक गोळी. नाहीतर बांधलेलं पुन्हा झिजतं. गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा त्यानंतर. खर्च परवडत नसेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. भारतात बनलेली स्वस्त पेनंही आहेत.

खुबेप्रेमी:
जुवारीकाठ, माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो. काल आईला म्हटलं, आजीचं हाड खरंच मोडलं नव्हतं ना? आई म्हणाली, आजी शेवटची सहा वर्षं वाकून चालायची, पाठीचा कणा दबला होता, पण तपासलं कोणी? मला आजी आठवते ती वाकलेलीच. मी समजत होतो, म्हातारपणी सगळेच असे वाकतात.

पेट्रीडिश:
हे लिहिलंत ते फार मोठं काम केलंत, दादा.

शिवोलीचा_माड:
मग आईंना तिसऱ्या द्यायच्या की नाहीत? मूळ प्रश्नात त्याही होत्या.

अस्थिमित्र:
ऍलर्जी नसेल आणि यूरिक आम्ल ठीक असेल तर जरूर द्या. प्रथिनं, लोह, बी-12 मिळतं. या वयात प्रथिनं कमी पडतात आणि स्नायू गेले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतं. चांगल्या पाण्यातल्या घ्या आणि नीट शिजवा, एवढंच. आणि ती मागल्या दारची पायरी!

जुवारीकाठ:
(नऊ दिवसांनी) पायरीला खरबरीत फरशी बसवली आणि भिंतीला दांडा लावला. डॉक्टरांनी गोळ्यांची माहिती नोंदवून घेतली, ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं, त्याचा डोस सुरू झाला. मग काल पहिलं इंजेक्शन. मी तांबडीमाती ताईंसारखी सुई आधी स्वतःच्या पोटाला लावली. आईने डोळे घट्ट मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि डोळे उघडून विचारलं, "झालं?"

आज शुक्रवार, म्हापशाच्या बाजारातून तिसऱ्यांचे दोन वाटे आणले. आई आदोळीवर (विळीवर) बसायला निघाली, प्लास्टर घातलेल्या हाताने! तिला खुर्चीत बसवलं आणि मी फोडायला बसले. ती वरून सूचना देतेय, एका शिंपीला मांस राहू दे, दुसरी टाक, पाणी सांडू नको, त्यातच चव आहे. नारळ वाटून झालाय. पेन फ्रिजच्या दारात, सोलकढीच्या बाटलीशेजारी.